प्रवासात खेळायला कन्सोल घेताय? आधी गाडीचं तिकीट बघा

दिवाळीत बहिणीकडे अमळनेरला गेलो, तर चहाचा कप हातात यायच्या आत भाच्यानं गाठलं. "मामा, कोन्ता लेवू?" फोनवर तीन कन्सोलचे फोटो उघडे. पोरगा पुण्याला शिकतो, महिना-दीड महिन्यानं घरी येतो, आणि जाण्यायेण्यात खेळायला त्याला हातात धरायचा कन्सोल हवा होता. कुठल्या यंत्रात कोणता प्रोसेसर, रॅम किती, स्क्रीन किती हर्ट्झची, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "तू येतोस कशानं? ट्रॅव्हल्सनं की रेल्वेनं? सीटपाशी चार्जिंगचं सॉकेट चालू असतं का?" यावर गडी गप्प.

पहिल्यांदा कन्सोल घेणारे बहुतेक जण इथंच चुकतात. यंत्राची कुंडली काढतात, स्वतःच्या प्रवासाची काढत नाहीत. त्या संध्याकाळी भाच्याला जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सारखं पुण्या-मुंबईला किंवा सुरतेला जा-ये करणाऱ्या आणि आजवर फक्त फोनवर खेळलेल्या माणसासाठी आहे हे.

पायरी पहिली: खेळायला खरंच किती तास मिळतात?

कागद-पेन घ्या आणि गेल्या चार प्रवासांची यादी करा. गाडी कोणती, बसायला जागा कशी, सॉकेट होतं का, ऊन कुठून येत होतं. जळगावहून मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहा-सात तास. पुण्याला ट्रॅव्हल्सनं जाल तर अख्खी रात्र. धुळे-जळगाव एसटीनं दोन-अडीच तास.

आता त्यातून खेळाचे तास वेगळे काढा. सामान वरच्या फळीवर चढवायचं, शेजारच्या काकू "कुठले तुम्ही, कोणाकडचे?" विचारणार, पाचोऱ्याला कुणाचा तरी डबा उघडणार आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा तुमच्याही हातात येणार. सात तासांच्या प्रवासात माझा खेळ तीन तासांच्या वर कधी गेलेला नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये दीड तास, मग आतले दिवे जातात आणि पाठोपाठ डोळे मिटतात. लालपरीत तर तिघांच्या बाकावर कोपर बाहेर काढायला जागा नसते आणि दुपारचं ऊन सरळ स्क्रीनवर पडतं. तिथं तासभर जमलं तरी पुष्कळ.

आणखी एक बघा. तुमच्या वाटेत घाट आहे का? जळगावहून संभाजीनगरमार्गे पुण्याला जाताना अजिंठ्याचा घाट लागतो, चाळीसगावकडून गेलात तर कन्नडचा. डोळे स्क्रीनवर खिळलेले असतात, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र प्रत्येक वळण टिपत असतो. दोघांचा मेळ बसला नाही की पोटात कालवायला लागतं. फर्दापूर आलं की मी कन्सोल बॅगेत टाकतो. गाडी लागणाऱ्या माणसानं केवळ बसच्या प्रवासासाठी म्हणून एवढा पैसा घालूच नये. रेल्वेत हा त्रास बराच कमी होतो.

पायरी दुसरी: खिशातला फोन पुरतो का बघा

बरा फोन असेल तर आधी त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा कंट्रोलर किंवा साधा ब्लूटूथ कंट्रोलर घेऊन एक-दोन प्रवास करून बघा. खर्च कन्सोलच्या मानानं किरकोळ. त्यातच मन रमलं तर प्रश्न मिटला. अडचण एकच, फोनची बॅटरी गेमनं संपवली तर स्टेशनवर घ्यायला येणाऱ्याला फोन कशानं करणार? फोन फोनच्या कामाला राहावा एवढ्या एका कारणासाठीसुद्धा वेगळा कन्सोल घेतलेला मला पटतो.

पायरी तिसरी: जाती ओळखा

बाजारात नावं पन्नास दिसतात, जाती मात्र तीनच.

पहिली निन्टेन्डो स्विचची. मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला, लहान स्विच लाइट २०१९ मध्ये, ७ इंची ओलेड स्क्रीनचा २०२१ मध्ये आणि स्विच २ जून २०२५ मध्ये. बटण दाबलं की झोपतो, पुन्हा दाबलं की जिथं होता तिथून सुरू. नवख्याला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण गेम महाग असतात आणि फार क्वचित स्वस्त होतात. लाइट टीव्हीला जोडता येत नाही, बाकीचे जोडता येतात.

दुसरी जात म्हणजे हातात मावणारा पीसी. व्हॉल्व्हचा स्टीम डेक २०२२ मध्ये आला, त्याची ओलेड आवृत्ती २०२३ च्या नोव्हेंबरात. आसुसचा रॉग अ‍ॅलाय २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना उतरला. लेनोवोचा लिजन गो आहे, एमएसआयचा क्लॉ आहे. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानात सेलमध्ये घेतलेले गेम आधीच तुमच्या खात्यात पडून असतील तर ही जात तुमची, कारण तेच गेम पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत. यातले विंडोजवाले आणि स्टीमओएसवाले यांत फरक आहे. विंडोजवर जवळपास सगळं चालतं, पण छोट्या टचस्क्रीनवर विंडोज चालवणं म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर बस वळवणं. स्टीमओएस ही व्हॉल्व्हची स्वतःची प्रणाली, ती कन्सोलसारखं वागते, पटकन झोपते, पटकन उठते, मात्र व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे कडक अँटी-चीटवाले, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्रॅम सोबत असलेले, ऑनलाइन गेम तिच्यावर चालत नाहीत. पोराला तेच खेळायचं असेल तर आधी विचारून घ्या, नाहीतर घरी येऊन तोंड पाडून बसेल.

तिसरी जात छोट्या रेट्रो यंत्रांची. अ‍ॅनबर्निक, मियू, रेट्रॉइड ही चिनी नावं. शर्टाच्या खिशात मावतात, किंमत बाकीच्यांच्या मानानं अगदीच कमी, आणि जुने गेम झकास चालतात. आपल्या पिढीनं जत्रेत घेतलेल्या '९९९९ इन १' ब्रिक गेमचे हे शहाणे नातू. सोबत मिळणाऱ्या कार्डात हजारो गेम भरलेले असतात. ते बहुतेक चोरीचे असतात, कॉपीराइटच्या कायद्यात बसत नाहीत, हे माहीत असू द्या. स्वतः विकत घेतलेले अँड्रॉइड गेम रेट्रॉइडसारख्या यंत्रावर चालतात, तो सरळ मार्ग आहे.

सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल दिसतो या सगळ्यांसारखाच, ८ इंची स्क्रीन, भारतात २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना आला. पण गेम त्याच्या आत चालतच नाहीत. घरातल्या प्लेस्टेशन ५ वरचं चित्र तो वायफायवरून दाखवतो. अंथरुणात पडून खेळायला उत्तम, धावत्या गाडीत त्याचा ट्रे होतो. नुसती किंमत बघून कुणी प्रवासासाठी घेऊ नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

पायरी चौथी: बॅटरीचं गणित स्वतः मांडा

इथं थोडं थांबू, कारण सगळा खेळ इथंच जिंकला-हरला जातो.

बॅटरीत किती वॅट-अवर आहेत, म्हणजे किती वीज साठते, ते बघा आणि यंत्र खेळताना किती वॅट खातं त्यानं भागा. पहिल्या रॉग अ‍ॅलायमध्ये ४० वॅट-अवरची बॅटरी आहे. मोठा थ्री-डी गेम पूर्ण ताकदीनं चालवला की प्रोसेसर, स्क्रीन, पंखा मिळून ३० वॅटच्या घरात जातात. ४० भागिले ३०, म्हणजे तास-वीस मिनिटं. जळगावला बसलात तर चाळीसगाव सुटता सुटता बॅटरी लाल. त्याच यंत्राची ताकद कमी करून साधा टू-डी गेम लावला तर खर्च १२-१५ वॅटवर येतो आणि तीन तास निघतात. म्हणजे 'बॅटरी किती चालते?' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही काय खेळता त्यावर आहे. स्टीम डेक ओलेडमध्ये ५० वॅट-अवर, कंपनी सांगते ३ ते १२ तास. नुसतं १२ वाचून पैसे मोजू नका, ३ गृहीत धरा. अ‍ॅलायची पुढची आवृत्ती अ‍ॅलाय एक्स, तिच्यात ८० वॅट-अवर आहेत, पण किंमत आणि वजन दोन्ही चढतं.

आता स्विच लाइट बघा. बॅटरी जेमतेम साडेतेरा वॅट-अवर, तरी ३ ते ७ तास चालतो, कारण खातोच कमी. ओलेड स्विच साडेचार ते ९ तास. नवा स्विच २ जास्त ताकदीचा, म्हणून २ ते साडेसहा.

हे काही आजचं नाही. १९८९ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला तेव्हा त्याची स्क्रीन हिरवट-करडी, रंगाचा पत्ता नाही. सेगाचा गेम गिअर आणि अटारीचा लिंक्स रंगीत होते, दिसायला कितीतरी सरस. पण ते सहा-सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवायचे आणि गेम बॉय चार सेलवर त्यांच्या कितीतरी पट चालायचा. बाजार कुणी मारला ते सगळ्यांना माहीत आहे.

पॉवर बँक घेताना आकड्याला भुलू नका. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टनं गुणून ७४ वॅट-अवर, आणि वाटेतली गळती धरून यंत्राच्या पदरात पन्नास-पंचावन्न पडतात. त्याहून महत्त्वाचा आहे वेग. स्टीम डेकचा चार्जर ४५ वॅटचा आहे, अ‍ॅलायचा ६५ चा. फोनसाठीची १८-२० वॅटची पॉवर बँक लावून मोठा गेम खेळलात तर चार्जिंगची खूण दिसते आणि टक्के मात्र खाली जात राहतात. टाइप-सीवर 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी, जलद चार्जिंगची पद्धत) आणि किमान ४५ वॅट लिहिलेली घ्या. स्विचला साधी पीडी पॉवर बँकही पुरते. विमानानं जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्याच बॅगेत लागते, आणि १०० वॅट-अवरपर्यंतची विनापरवानगी नेता येते. २०,००० ची त्यात आरामात बसते.

रेल्वेतल्या सॉकेटवर भिस्त ठेवू नका. एकतर ते ढिले असतात, जड चार्जर लावला की गाडीच्या हिसक्यानं खाली लोंबतो. शिवाय रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे. रात्रीच्या गाडीनं निघणार असाल तर घरूनच शंभर टक्के करून निघा.

पायरी पाचवी: हातात धरून बघा

स्विच लाइट २७५ ग्रॅम. ओलेड स्विच ४२० च्या आसपास. स्विच २ कंट्रोलरसकट ५३४. स्टीम डेक ओलेड ६४०, अ‍ॅलाय ६०८, लिजन गो ८५४ ग्रॅम. कागदावर हे आकडे फुटकळ वाटतात. म्हणून घरी एक चाचणी करा. अर्धा लिटरची पाण्याची बाटली गच्च भरा, दोन्ही हातांनी आडवी धरा, कोपरं कुठंही न टेकता वीस मिनिटं टीव्ही बघा. ते झालं स्विच २ चं वजन. मग बाटलीला दोन केळी बांधा, लिजन गो तयार. भाच्यानं ही चाचणी लगेच केली. बारा मिनिटांत बाटली मांडीवर आली.

मांडीवर बॅग, बॅगेवर कोपरं अशी बैठक जमली तर ६५० ग्रॅमही चालतं. वरच्या बर्थवर उताणं पडून खेळायची सवय असेल तर चारशेच्या वर जाऊ नका, झोप लागली की नाकावर पडतो. अनुभवाचे बोल आहेत.

पायरी सहावी: ऊन, धूळ आणि तेलकट बोटं

परदेशी परीक्षणांत हा भाग जवळजवळ नसतोच, आणि आपल्याला तोच आधी लागतो. २०२२ च्या जुलैत युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्व्हनं सांगितलं होतं की स्टीम डेक ० ते ३५ अंश तापमानात सगळ्यात चांगला चालतो. त्याच्यावर गेलं की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. ३५ अंश? मे महिन्यात भुसावळला सकाळचं वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत ३५ होतात. दुपारी ४४-४५. म्हणजे नॉन-एसी डब्यात एप्रिल-मेच्या दुपारी जड गेम चालवणं विसरा. पंखा भणभणतो, गेम अडखळतो, मागची बाजू तव्यासारखी लागते. उन्हाळ्यात सकाळी लवकर खेळा किंवा रात्री. ताकद कमी करणारी सेटिंग आधीच शोधून ठेवा. चार्जिंग लावून खेळणं टाळा, दोन्हीकडची उष्णता एकत्र होते. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कन्सोल ठेवून जेवायला जाऊ नका, शेवभाजी कितीही चांगली असली तरी. लिथियमची बॅटरी उष्णतेनं आतून कायमची म्हातारी होते.

धुळीचं म्हणाल तर खिडकीतून येणारी आपली काळ्या मातीची धूळ अंगठ्याच्या काडीखाली, म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिकच्या बुडाशी जाऊन बसते. साध्या स्टिकमध्ये आतले भाग एकमेकांवर घासतात. झीज आणि धूळ मिळून काही दिवसांनी हात न लावता गेममधला माणूस डावीकडे चालायला लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये ही घासाघीस नसते. लिजन गोमध्ये त्या आहेत, बऱ्याच रेट्रो यंत्रांतही आहेत. स्विच आणि स्टीम डेकमध्ये नाहीत. कडक कव्हर, ज्यात स्टिकवर दाब येत नाही असं, यंत्रासोबत त्याच दिवशी घ्या. पिशवीत चपलेशेजारी कन्सोल टाकणारे लोक मी पाहिलेत.

केळीचे वेफर्स खात खेळू नका. इतकंच.

पायरी सातवी: नेट नाही असं समजूनच घ्या

मनमाड-जळगाव पट्ट्यात नांदगाव सुटलं की न्यायडोंगरी, हिरापूरच्या बाजूला फोनचं नेट येतं-जातं. घाटात आणि सातपुड्याकडं तर विचारूच नका. म्हणून गेम यंत्रात उतरवलेला हवा आणि नेटशिवाय सुरू होणारा हवा.

एकदा निघायच्या आदल्या रात्री मी मोठा गेम डाउनलोड करून ठेवला, शंभर टक्के झाला, खुश होऊन झोपलो. गाडीत उघडला तर म्हणे आधी ऑनलाइन या. पीसीवरचे बरेच गेम पहिल्यांदा नेट असतानाच एकदा सुरू करावे लागतात, मगच ऑफलाइन चालतात. मी ते केलंच नव्हतं. चाळीसगावपर्यंत खिडकीतून कपाशी बघत बसलो. तेव्हापासून नियम केला: निघायच्या आधी घरी फोन-कन्सोल विमान मोडवर टाकायचे आणि प्रत्येक गेम उघडून पाच मिनिटं खेळून बघायचा.

स्विचमध्येही एक मेख आहे. डिजिटल गेम एका वेळी एकाच कन्सोलवर चढवलेला असतो आणि तिथंच नेटशिवाय चालतो. घरात दोन भाऊ दोन कन्सोलवर एकच खाते वापरणार असतील तर निघायच्या आधी तो गेम प्रवासाला जाणाऱ्याच्या कन्सोलवर चढवून ठेवा. कार्डवरचा गेम घेतला की ही भानगड नाही. पण स्विच २ साठी काही गेम 'गेम-की कार्ड' म्हणून विकतात. त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते, गेम नेटवरूनच उतरवावा लागतो. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

मेमरी कार्ड ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. अर्ध्या किमतीत मिळालं म्हणून मी एकदा ५१२ जीबीचं कार्ड घेतलं होतं. आत खरी जागा तीसएक जीबी, पुढचं सगळं हवेत. नवीन कार्ड आणल्यावर संगणकावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यूसारख्या फुकट प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा, काही तास लागतात, लागू द्या. स्विच २ ला साधं मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही, 'मायक्रोएसडी एक्सप्रेस' लागतं आणि ते महाग आहे. बजेटमध्ये तो खर्च आधीच धरा.

पायरी आठवी: कुठून घ्यायचा

आसुस, लेनोवो, एमएसआय, सोनी यांची यंत्रं भारतात अधिकृतपणे विकली गेली आहेत, कंपनीची वॉरंटी मिळते. घेण्याआधी एकच चौकशी करा: बिघडला तर तो जळगावात, धुळ्यात द्यायचा की नाशिक-पुण्याला पाठवायचा? स्विच आणि स्टीम डेक यांचा इथला माल मुख्यतः व्यापाऱ्यांनी बाहेरून आणलेला असतो. तिथं वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तो शब्द बिलावर लिहून घ्या, किती महिन्यांचा आणि कशाकशाचा तेही.

कुणी नातेवाईक जपानहून स्विच २ आणणार असेल तर जरा थांबवा. तिथं एक स्वस्त आवृत्ती मिळते, ती फक्त जपानी भाषेत आणि जपानी खात्यावरच चालते. सगळ्या भाषांचं मॉडेल वेगळं आणि महाग आहे. दुबई-अमेरिकेहून आणलेल्याला ही अडचण नाही, पिन बदलणारं अडॅप्टर तेवढं लागेल.

पायरी नववी: वापरलेला घेत असाल तर

नवख्यानं वापरलेलाच घ्यावा असं माझं मत आहे, पण विकणाऱ्यासमोर बसून अर्धा तास तपासल्याशिवाय पैसे काढू नका. आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावा आणि कन्सोलवरचं गेमचं दुकान उघडून बघा. चोरीचे गेम चालवल्यामुळे कंपनीनं ऑनलाइन बंदी घातलेले स्विच बाजारात फिरतात, ते इथं लगेच उघडे पडतात. सेटिंगमध्ये स्टिक तपासायचा पर्याय असतो. अंगठा सोडल्यावर ठिपका मध्यावर येऊन थांबला पाहिजे, थरथरला तरी नको. चार्जर लावून केबल हलकेच हलवा, चार्जिंग तुटलं तर सॉकेट ढिलं आहे. वीस मिनिटं गेम चालवून बॅटरी किती टक्के उतरली ते लिहा. पंख्याचा आवाज कान लावून ऐका. शेवटी विकणाऱ्याला त्याचं खातं त्याच्याच हातानं काढायला लावा आणि यंत्र पूर्ण रीसेट करून घ्या. "घरी जाऊन करतो, पासवर्ड पाठवतो" म्हणाला की उठा.

भाच्याला मी काय सांगितलं? रात्रीची ट्रॅव्हल्स, दीड-दोन तासांचा खेळ, सॉकेटचा भरवसा नाही, स्टीमवर एकही गेम नाही. म्हणजे वापरलेला स्विच लाइट किंवा, चार पैसे जास्त असतील तर, ओलेड स्विच. त्याच्या खोलीतला मित्र कॉलेजच्या लॅपटॉपवर स्टीमचे चाळीस गेम जमवून बसलाय आणि मुंबईला एसीनं जातो. त्यानं विचारलं असतं तर स्टीम डेक म्हटलं असतं, बिघडला तर काय याची तयारी ठेवून. माझ्या धाकट्या मेव्हण्याला, ज्याला फक्त लहानपणीचे गेम पुन्हा खेळायचेत, त्याला खिशातलं रेट्रो यंत्र पुरे. भाच्यानं लाइट घेतला. शेतीचा एक निवांत गेम त्यात टाकलाय, कधीही थांबवता येतो, घाईचं काही नाही. त्याचे आजोबा डोकावून म्हणाले, "पुण्याले जाईसन बी वावरच नांगरी राहिना का?"

पायरी दहावी: गाडीत बसल्यावर

इअरफोन वायरचा ठेवा. ब्लूटूथवर आवाज किंचित मागून येतो, उडी मारल्यावर धप्प आवाज उशिरा आला की खेळाची मजा जाते. शिवाय रात्री दहानंतर डब्यात मोठ्यानं आवाज लावायला रेल्वेची मनाई आहे. स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणा, बॅटरीही वाचते आणि समोरच्या बर्थवरचे काका कूस बदलत नाहीत. शेजारचं पोरगं मान लांब करून बघायला लागेल, त्याला पाच मिनिटं द्या, पण कन्सोलची दोरी तुमच्या मनगटात राहू द्या.

जळगावला उतरायचं असेल तर म्हसावद गेलं की गेम सेव्ह करून बंद करा, आणि शिरसोली दिसायच्या आत चार्जर सॉकेटमधून काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाका. माझा एक चार्जर भुसावळच्याही पुढं, बहुधा नागपूरपर्यंत, एकटाच गेलेला आहे.